साइट चालत असेल तर अ‍ॅप ठेवायचंच कशाला?

निवांत_नाशिककर: बातम्या, हवामान, क्रिकेटचा स्कोअर, फेसबुक, सगळ्यांची अ‍ॅप उडवली. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्स ब्राउझरमध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकलं, एकेक साइट उघडून मेनूतून होम स्क्रीनवर जोडली. आयकॉन अ‍ॅपसारखाच, जाहिराती गायब. वर अ‍ॅपला कॉन्टॅक्ट, लोकेशन अशा परवानग्या देत बसायला नको.

पोस्टपेड_पांडू: ऐकायला बरं वाटतं. यूपीआयचं काय? ते सिमशी बांधलेलं, ब्राउझरमध्ये चालणार कसं? शिवाय अर्ध्या जगाकडे क्रोम. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकताच येत नाही. तिथून शॉर्टकट केला की जाहिराती जशाच्या तशा.

निवांत_नाशिककर: पांडूशेठ, यूपीआय काढा म्हटलंय कोणी? आणि क्रोम नकोच, म्हणून तर फायरफॉक्स लिहिलंय.

जाई_जुई: एवढा खटाटोप कशाला? अँड्रॉइड 9 पासून सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस आहे, म्हणजे फोनने साइटचे पत्ते कोणत्या सर्व्हरला विचारायचे ते ठरवायची सोय. तिथे जाहिराती अडवणाऱ्या अ‍ॅडगार्ड सेवेचा पत्ता घाला, अ‍ॅपमधल्याही बऱ्याच जाहिराती जातात. यूट्यूबच्या जात नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच सर्व्हरवरून येतात. आणि हॉटेल-स्टेशनच्या वायफायचं लॉगिन पान कधीकधी उघडतच नाही, तेव्हा प्रायव्हेट डीएनएस तात्पुरतं बंद करायचं.

पोस्टपेड_पांडू: आणि आयफोनवाल्यांनी काय करायचं?

जाई_जुई: तिथल्या फायरफॉक्समध्ये यूब्लॉक टाकता येत नाही. सफारीला वेगळा ब्लॉकर लावा.

छापखाना: मी एक छोटी मराठी साइट चालवतो. सर्व्हरचं भाडं जाहिरातींतूनच निघतं. तुम्ही जाहिरात अडवणार, वर्गणी मागितली की दुसरीकडे जाणार, आणि वर 'मराठीत चांगलं कोणी लिहीत नाही' म्हणून गळे काढणार. फुकट ते पौष्टिक, दुसरं काय!

निवांत_नाशिककर: राग समजतो, पण सुरुवात कोणी केली? दोन ओळी बातमी, मग कर्जाची जाहिरात, पुन्हा दोन ओळी. बंद करायची फुली एवढी बारीक की बोट हमखास जाहिरातीवरच पडतं. तुमची साइट अशी नसेल तर यूब्लॉकमधलं पॉवरचं बटण दाबून तेवढ्या साइटला सूट देता येते. मी देतो.

छापखाना: तुम्ही देत असाल हो. बाकीच्यांना ते बटण असतं हे तरी ठाऊक आहे का?

पोस्टपेड_पांडू: मला आत्ता कळलं.