कार्यक्रमात बेस गिटारचा पट्टा निसटतो, उपाय सुचवावा

प्रश्न: गड्डा यात्रेच्या दिवसांत सोलापुरात झालेल्या आमच्या कार्यक्रमात, दुसऱ्याच गाण्याला बेस गिटारचा पट्टा खालच्या बटणावरून (पट्टा अडकवायच्या खुंटीवरून) निसटला आणि सुमारे ४ किलोचे वाद्य मी कसेबसे गुडघ्यावर झेलले. पट्टा चामड्याचा असून त्याचे भोक सैल झाले आहे. काय करावे?

उत्तर १: सैल भोकाच्या पट्ट्यावर विसंबू नका, नवा पट्टा घेऊन त्याला स्ट्रॅप लॉक (पट्टा बटणाला पक्का अडकवणारी कळ) बसवा. शॅलर कंपनीच्या पद्धतीच्या लॉकमध्ये यू आकाराच्या खोबणीचे तोंड वर राहील असे पाहावे, म्हणजे मधली खीळ सुटली तरी वाद्याचे बटण खोबणीत अडकून राहते. लॉकचा नट मात्र दर कार्यक्रमाआधी तपासावा, कारण तो हळूहळू ढिला होतो.

उत्तर २: तोवर नळाचा जाड रबरी वायसर पट्ट्यानंतर बटणावर ताणून बसवा. दिसायला गबाळे, पण मी दोन वर्षे त्यावरच वाजवले.

उत्तर ३: बटणाचा स्क्रू पाहिलात का? लाकडातले भोक मोठे झाले असेल, तर लॉक कितीही महागडे असले तरी स्क्रूसकट उपटून येईल. गूल काढलेल्या आगकाडीचे तुकडे फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासावेत, रात्रभर वाळू द्यावेत आणि मगच स्क्रू पिळावा.

प्रश्नकर्ता: आत्ताच पाहिले. स्क्रू चक्क बोटाने फिरतो आहे! आगकाड्या आणल्या आहेत.