चर्चा धागा: चाळ एक कुटुंब होती म्हणे!

तिसरीपाळी: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'गिरणगावात दारं कधी बंद नसत, सगळी चाळ एकच कुटुंब.' वाचून डोकं फिरलं. अहो, दार लावणार कसं? बीडीडी चाळीतली 160 चौरस फुटांची खोली, त्यात आजोबा धरून गावचे 13 गडी. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीवाला त्याच गरम वाकळेवर आडवा. आजी राजापूरकडे भात लावत होती. तिचं कुटुंब म्हणजे मनीऑर्डर आणि गणपतीचे आठ दिवस. 1921 च्या खानेसुमारीत मुंबईत बायका पुरुषांच्या निम्म्याहून जराशा जास्त. आजोबांच्या खोलीत तर 1960 नंतरही एक नव्हती.

चाळकरी: तो 'कुणीतरी' मीच. तुमचा गाळा गड्यांचा, आमच्या मजल्यावर बिऱ्हाडं होती. धाकटीच्या वेळी आईला रात्री दोनला कळा सुरू झाल्या, बाबा रात्रपाळीला. शेजारच्या चौघी न बोलावता आल्या. हे खोटं?

घाटावरची: वा! म्हणजे बाई एकतर गावाला, नाहीतर बाळंतपणाला. माझी पणजी गिरणीत वायंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात होती. नायकिणीचा, म्हणजे बायकांवरच्या मुकादमणीचा, हात ओला केल्याशिवाय काम नाही. तान्ह्याला अफूची बाळगोळी चाटवून जायची, तो भोंग्यापर्यंत झोपून. 1929 ला बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला आणि मालकांना बाई महाग वाटू लागली.

तिसरीपाळी: बरं ताई, चुकलो. पण आजोबांना लुबाडणारीही बाईच. खानावळवाली. आमटीत तोंड दिसायचं म्हणे.

खानावळीतला: तोंड सांभाळून! माझी आई 22 जणांचं दोन्ही वेळ रांधायची. पहाटे चारला स्टोव्ह. गड्यांचे पैसे पगाराला, वाण्याला मात्र रोज तोंड द्यायचं. महिनाअखेरीला मंगळसूत्र सावकाराकडे, गळ्यात नुसता काळा दोरा. प्रेमा पुरवांनी 1975 ला अशा खानावळवाल्यांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उगाच काढलं का? मग 18 जानेवारी 1982. गिरण्यांतला अडीच लाख माणूस संपावर, गडी गावाला, उधारी वहीत. ती वही आजही माझ्या कपाटात आहे. लाल कापडी पुठ्ठा, हळदीचे डाग.

जुनाजॉबर: सगळं त्या संपाच्या पुढाऱ्याने, दत्ता सामंतांनी बुडवलं.

चाळकरी: आला! मालकांनी गिरण्यांच्या त्याच जमिनींवर टॉवर चढवले, ते दिसत नाही?

जुनाजॉबर: दिसतात. माझा मुलगा तिथेच वॉचमन आहे.

घाटावरची: विषय कुटुंबाचा होता.

खानावळीतला: हाच विषय आहे, ताई. आई त्या 22 जणांना पोरं म्हणायची. गेली तेव्हा त्यातले दोघेच आले. तिसरीपाळी साहेब, वहीत राजापूरकडची सहा नावं आहेत.

तिसरीपाळी: आजोबांचं असलं तर आकडा कळवा. व्याज सोडा म्हणजे झालं.

खानावळीतला: व्याज सोडलं. आमटीचं तेवढं मागे घ्या.

तिसरीपाळी: घेतलं. पातळच होती, पण घेतलं.