फायबर पंचायतीपर्यंत आलं, टोल्यांवर कसं न्यायचं?

देवलापारची_सदस्या: नमस्कार. मी देवलापारकडच्या एका ग्रामपंचायतीत सदस्य आहे. भारतनेटची, म्हणजे गावोगावी इंटरनेट नेणाऱ्या सरकारी योजनेची, केबल पंचायतीच्या खोलीपर्यंत आली, पण आमचे दोन टोले (वस्त्या) तिथून दोन-अडीच किलोमीटर आत, सागाच्या जंगलापलीकडे आहेत. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा तर तिथल्या पोरी हायवेपर्यंत येतात. ग्रामसभेत ठराव मांडायचा आहे. त्यात काय काय घालू?

फायबरवाला_कामठी: ताई, आधी पंचायतीतला डबा, म्हणजे केबल जिथं जोडली आहे तो मोडेम, पाहा. पॉन (PON) लिहिलेला हिरवा दिवा स्थिर असेल तर लाइन जिवंत आहे. एलओएस (LOS, सिग्नल नाही) लिहिलेला लाल दिवा लुकलुकत असेल तर केबल कुठंतरी तुटली किंवा दबली आहे, आधी तक्रार टाका. एकही दिवा लागत नसेल तर वीजच नाही. खेड्यात निम्मी रड तिथंच असते, म्हणून बॅटरीचा खर्च ठरावात सगळ्यात वर लिहा.

अडीच किलोमीटर फायबरला काहीच नाही, गाडी अडते वनखात्याच्या परवानगीवर. म्हणून लोक 5.8 गिगाहर्ट्झचे रेडिओ, म्हणजे बिनतारी इंटरनेट पोचवणारी यंत्रं, दोन्ही टोकांना खांबावर लावतात. 2018पासून त्या पट्ट्याला परवाना लागत नाही. पण दोन्ही टोकं एकमेकांना दिसली पाहिजेत. अन् ठेकेदार सर्व्हेला येतो एप्रिलमध्ये! तेव्हा सागाला पान नसतं, समोरचा टोला स्वच्छ दिसतो. जुलैत तीच झाडं भरतात, ओली पानं सिग्नल खातात अन् लिंक पडते. सर्व्हे श्रावणातच करून घ्या, खांब झाडांच्या शेंड्यावर निघेल एवढा मागा. हे मी कळकळीनं सांगतोय, कारण असे बंद पडलेले खांब फार पाहिले आहेत.

रामटेककर: सुधारित भारतनेट 2023च्या ऑगस्टमध्ये मंजूर झालं. त्यात ग्रामपंचायतीचं मुख्यालय नसलेल्या गावांना मागणीनुसार जोडणी आहे. मागितलं नाही तर कोण देणार? टोला वेगळं महसुली गाव म्हणून नोंदला आहे का, ते तलाठ्याकडून काढा अन् ठरावात नावानिशी लिहा.

फायबरवाला_कामठी: बरोबर. शिवाय टोल्यावरच्या किराणा दुकानात पीएम-वाणी या सरकारी सार्वजनिक वायफाय योजनेचं वायफाय बसवता येतं, दुकानदाराला परवाना किंवा नोंदणी फी लागत नाही.

देवलापारची_सदस्या: एक टोला महसुली गाव आहे, दुसरा नाही. मग पहिल्यासाठी मागणी अन् दुसऱ्यासाठी रेडिओ, असे दोन वेगळे ठराव करते. दुकानदारभाऊंशी आजच बोलते.