लाइट आली की सर्व यंत्रे एकदम जोडणी मागतात. ॲक्सेप्ट कसे हाताळावे?

प्रश्न (रावेर)

नमस्कार. रावेर-यावल पट्ट्यातील केळीबागांमध्ये ठिबकच्या मोटारींवर बसवलेल्या सुमारे ७०० नियंत्रक यंत्रांशी बोलणारा सर्व्हर मी सी भाषेत लिहिला आहे. लिनक्सवर एकाच थ्रेडमध्ये (कामाच्या एकाच धाग्यात) ईपोलचे (epoll, कोणत्या जोडणीवर हालचाल झाली हे कळवणारी कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, सोय) चक्र चालते. लिसनिंग सॉकेट (नव्या जोडण्यांची वाट पाहणारे टोक) नॉन-ब्लॉकिंग (काही आलेले नसले तरी प्रोग्रामला अडवून न ठेवणारे) असून एज-ट्रिगर्ड पद्धतीने (काही नवे आले तरच इव्हेंट, म्हणजे सूचना, मिळेल असे) नोंदवलेले आहे, आणि त्यावर इव्हेंट आला की ॲक्सेप्ट (आलेली जोडणी उचलणारे फंक्शन) एकदा बोलावून मिळालेले नवे सॉकेट ईपोलमध्ये घातले जाते.

एरवी एखाददुसरे यंत्र तुटते आणि पुन्हा जोडले जाते, तेव्हा काही अडत नाही. अडते ते शेतीच्या फीडरवर थ्री-फेज पुरवठा परत येतो तेव्हा. त्या क्षणी सगळी यंत्रे एकदम येतात. काहींची नोंद लगेच होते, पण उरलेली यंत्रे स्वतःच्या बाजूने जोडणी झाल्याचे दाखवत असूनही सर्व्हरकडून त्यांना एकही उत्तर जात नाही. सीपीयू मात्र रिकामा असतो. मोटार चालू करण्याचा आदेश वेळेवर पोहोचला नाही, तर शेतकऱ्याच्या वाट्याला आलेले विजेचे तास वाया जातात, म्हणून हा प्रश्न मला मुळापासून सोडवायचा आहे. प्रत्येक जोडणीला स्वतंत्र थ्रेड द्यावा का?

उत्तर (धुळे)

थ्रेड वाढवण्याची गरज नाही. आपली अडचण ॲक्सेप्ट एकदाच बोलावण्यात आहे.

टीसीपीचा हस्तांदोलनाचा (जोडणी जुळवण्याचा) व्यवहार कर्नल स्वतः पूर्ण करतो आणि तयार झालेली जोडणी लिसनिंग सॉकेटच्या रांगेत ठेवतो. म्हणूनच आपल्या प्रोग्रामने अजून ॲक्सेप्ट केलेले नसतानाही यंत्राला जोडणी झाल्यासारखे दिसते. एज-ट्रिगर्ड पद्धतीतला इव्हेंट ही दवंडी आहे: ती पिटली गेली तेव्हा रांगेत एक जण असो वा पन्नास, आधीच आलेल्यांसाठी ती पुन्हा पिटली जात नाही. एका इव्हेंटवर आपण एकच जोडणी उचलली, की बाकीच्या पुढचे कोणी येईपर्यंत तिथेच बसून राहतात.

त्यामुळे ॲक्सेप्ट लूपमध्ये बोलवा आणि ईअगेन (EAGAIN, आता रांगेत कोणी नाही) मिळाल्यावरच लूपमधून बाहेर पडा. ईइंटर (EINTR, मध्येच व्यत्यय आला) किंवा ईकनअबॉर्टेड (ECONNABORTED, उचलण्याआधीच जोडणी तुटली) मिळाल्यास लूप चालूच ठेवा, कारण त्यांचा अर्थ रांग संपली असा होत नाही. आणखी एक गोष्ट लिनक्सवर हमखास निसटते: लिसनिंग सॉकेट नॉन-ब्लॉकिंग असले, तरी त्यातून मिळणाऱ्या नव्या सॉकेटला तो गुण आपोआप मिळत नाही. कर्नल २.६.२८ पासून उपलब्ध असलेले ॲक्सेप्ट४ (accept4) वापरून सॉक-नॉनब्लॉक (SOCK_NONBLOCK) हा ध्वज द्या, म्हणजे तो गुण लावण्यासाठी वेगळ्या एफसीएनटीएल (fcntl) फंक्शनची गरज राहत नाही. डेटाबेसमध्ये लिहिणे, डीएनएस (नावावरून नेटवर्कचा पत्ता) विचारणे यांसारखी थांबायला लावणारी कामे मात्र या थ्रेडमध्ये अजिबात ठेवू नका. ७०० जोडण्या उचलायला वेळ लागत नाही, एक संथ क्वेरी मात्र सगळ्यांना ताटकळत ठेवते.

बदल करण्यापूर्वी एसएस (ss) या सॉकेटची माहिती दाखवणाऱ्या आज्ञेने त्या पोर्टची स्थिती जरूर पाहा. लिसनिंग सॉकेटच्या ओळीत रिसीव्ह-क्यू म्हणजे सध्या रांगेत असलेल्या जोडण्या आणि सेंड-क्यू म्हणजे रांगेची मर्यादा.

प्रश्नकर्ता (रावेर)

मनःपूर्वक आभार. आज पुरवठा परत येताना मी ही ओळ पाहत होतो. रिसीव्ह-क्यू वाढत वाढत १२९ वर गेला आणि तिथेच थांबला, सेंड-क्यू १२८ होता. त्यानंतर मात्र एकही नवी जोडणी आत आली नाही. मर्यादेपेक्षा एक जास्त कसा, आणि सर्व्हर पूर्ण गप्प का होतो?

उत्तर (धुळे)

रांगेतील संख्या मर्यादेपेक्षा जास्त झाली, तरच कर्नल ती भरली असे मानतो, म्हणून १२८ च्या मर्यादेत १२९ मावतात. गप्प होण्याचे कारण अधिक गंभीर आहे. रांग भरल्यावर नवी जोडणी तिच्यात शिरत नाही. ती शिरत नाही म्हणून नवा इव्हेंट येत नाही. इव्हेंट नाही म्हणून आपला प्रोग्राम ॲक्सेप्ट बोलावत नाही, आणि रांग तशीच भरलेली राहते. लूप घातल्यावर ही कोंडी फुटेल. लिसनला दिलेला १२८ चा आकडाही वाढवा. त्यावर सोमॅक्सकॉन (somaxconn) या कर्नलच्या सेटिंगची वरची मर्यादा असते. ती कर्नल ५.४ पासून मुळात ४०९६ आहे, त्याआधी १२८ होती.

उत्तर (भुसावळ)

वरील निदान मला पूर्ण मान्य आहे, परंतु लिसनिंग सॉकेटसाठी मी लेव्हल-ट्रिगर्ड पद्धतच सुचवेन. रांगेत काही उरले असेल तर ईपोल पुन्हा सांगतो, त्यामुळे अशी कायमची कोंडी होऊच शकत नाही. एज-ट्रिगर्डचा फायदा असेल तर तो भरपूर वाचन-लेखन होणाऱ्या जोडण्यांवर. लिसनिंग सॉकेटवर त्यासाठी हा धोका पत्करण्याचे कारण मला दिसत नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा फाइल डिस्क्रिप्टरचा (प्रत्येक उघड्या जोडणीला कर्नल देतो त्या क्रमांकाचा) आहे. लाइट जाते तेव्हा यंत्र जोडणी बंद केल्याचा निरोप पाठवू शकत नाही, त्यामुळे सर्व्हरच्या दृष्टीने ती जोडणी जिवंतच राहते. किपअलाइव्ह (समोरचे टोक जिवंत आहे का हे तपासण्याची टीसीपीची सोय) चालू केले, तरी लिनक्समध्ये पहिली चौकशी मुळात ७२०० सेकंदांनी होते. म्हणजे पुरवठा लवकर परतला, तर ७०० मृत आणि ७०० नव्या जोडण्या एकत्र येतात, तर प्रोसेसची डिस्क्रिप्टरची नेहमीची सॉफ्ट (वाढवता येणारी) मर्यादा १०२४ असते. ती ओलांडली की ॲक्सेप्टला ईएमफाइल (EMFILE, डिस्क्रिप्टर संपले) ही चूक मिळते, जोडणी रांगेतच राहते आणि लेव्हल-ट्रिगर्ड चक्र सीपीयू जाळत फिरत बसते.

यावर मर्यादा वाढवणे आवश्यक आहे, पण ते पुरेसे नाही. यंत्राने ठरावीक अंतराने छोटा संदेश पाठवावा आणि तो चुकला की सर्व्हरने जोडणी बंद करावी. तसेच तोच यंत्र-क्रमांक नव्या जोडणीवर आला, तर जुनी तत्काळ मिटवावी. शिवाय एक डिस्क्रिप्टर राखीव उघडून ठेवा. ईएमफाइल मिळाल्यास तो बंद करून एक जोडणी स्वीकारा, लगेच बंद करा आणि राखीव डिस्क्रिप्टर पुन्हा उघडा, म्हणजे त्या यंत्राला नकार तरी स्पष्ट कळतो.

उत्तर (नंदुरबार)

यंत्रांचे फर्मवेअर आपल्या हातात असेल, तर पुरवठा आल्यावर प्रत्येक यंत्राने काही सेकंदांचा यादृच्छिक विलंब घेऊन मगच जोडणी मागावी, आणि ती न मिळाल्यास हा विलंब दर वेळी वाढवावा. विलंब यंत्राच्या क्रमांकावरून ठरवू नका. एका फीडरवर एकाच वेळी बसवलेल्या यंत्रांचे क्रमांक लागोपाठचे असतात, त्यामुळे सूत्र चुकीचे निवडले तर ती पुन्हा एकत्रच येतात.