जुनापाणीची शिळावर्तुळं: वेधशाळा की मसणवट?

मुरमाडी: नागपूरहून काटोल रोडला लागलं की जुनापाणी येतं. तिथल्या माळावर सुमारे ३०० शिळावर्तुळं, म्हणजे मोठाल्या धोंड्यांची गोल कडी आहेत, लोहयुगातली. हल्ली जो तो त्यांना (इंग्लंडातल्या प्रसिद्ध शिळावर्तुळावरून) 'विदर्भाचं स्टोनहेंज', 'प्राचीन वेधशाळा' म्हणत सुटलाय. माझ्या मते ही सरळसरळ मसणवट आहे. १८७९ साली रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने यांच्यावर लिहिलं, १९६१-६२ला पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. निघालं काय? लोखंडी हत्यारं, काळी-तांबडी मडकी, हाडं. तारे कुठून आले मध्येच?

तिसरा प्रहर: तुम्ही दगड जवळून पाहिलेत का हो? काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे कोरलेत. एका ओळीत, तर कुठे दोन ओळी एकमेकींना छेदणाऱ्या. एवढ्या टणक दगडात खळगा पाडायचा म्हणजे चेष्टा नाही. नुसतं पुरायचंच होतं तर ही उठाठेव कशाला? आणि खळगे असलेले दगड ठरावीक दिशांनाच आढळतात, हे खगोलशास्त्रज्ञांनी मोजून मांडलंय.

मुरमाडी: मोजलं, मान्य. पण यातली कित्येक वर्तुळं दीडशे वर्षांत उकरली गेलीत. कुठला धोंडा मूळ जागी आहे आणि कुठला कुणी ढकललाय, हे कोण सांगणार?

वऱ्हाडी ठेचा: भौ, ते धोंडे एकट्यादुकट्याच्यानं हलत नसतात, लावून पाहा जोर! नागपूरजवळच्या माहुरझरीच्या शिळावर्तुळांचं विसरले का? पुरातत्त्वज्ञ शां. भा. देवांच्या उत्खननात तिथं घोडा निघाला, तोंडावर तांब्याचा साज असलेला. मेलेल्यासाठी घोडा देणारी माणसं दिशा अन् वेळ पाहत नसतील? आपण आजही दिव्याची वात दक्षिणेकडे करतोच ना.

मुरमाडी: करतो. म्हणून मोक्षधामाला वेधशाळा म्हणतो का आपण? दिशा पाळणं वेगळं, आकाशाचा वेध घेणं वेगळं.

तिसरा प्रहर: पण दिशा ठरवायला सूर्य नाहीतर तारे बघावेच लागतात! होकायंत्र होतं का त्यांच्याकडे?

मुरमाडी: सूर्य कुठे उगवतो ते गुराख्यालाही कळतं. न उकरलेली वर्तुळं निवडा, दगडाचं बूड मातीत जसंच्या तसं रुतलंय का तपासा, मग खळग्यांची दिशा काढा. तेवढं झालं की बोलू. तोवर पर्यटकांना 'वेधशाळा' दाखवणं बंद करा.