करार, ठराव की संविदा?

अर्धाचहा: मंडळी एक शंका. पुतणी बीकॉमला आहे, तिच्या पुस्तकात वाक्य आहे की प्रत्येक करार (काँट्रॅक्ट) हा ठराव (ॲग्रीमेंट) असतो पण प्रत्येक ठराव करार नसतो. आणि सरकारी मराठीत बघितलं तर ॲग्रीमेंटला करार आणि काँट्रॅक्टला संविदा! म्हणजे करार हा एकीकडे वरच्या पायरीवर, दुसरीकडे खालच्या. मला तर ठराव म्हटलं की सोसायटीची मीटिंगच आठवते, सूचक अमुक अनुमोदक तमुक. बरोबर काय धरायचं?

जुनाबाड: दोन्ही बरोबर, घोळ भाषांतरवाल्यांचा. मूळ भारतीय करार कायदा १८७२चा, तो इंग्रजीतला, त्यात कलम २ मध्येच लिहिलंय की जे ॲग्रीमेंट कायद्याने बजावता येतं ते काँट्रॅक्ट. मॅचवर हजाराची पैज लावलीत, दोघांनी हो म्हटलं, तर बोलणं ठरलं ना? ठरलं. पण हरलेला पैसे देईना म्हणून कोर्टात गेलात तर कलम ३० दाखवून परत पाठवतील, पैज रद्दबातल. त्यातही गंमत बघा, घोड्यांच्या शर्यतीत ५०० रुपये किंवा त्याहून मोठ्या बक्षिसासाठी वर्गणी काढली तर ती चालते, साहेबाला घोडे प्रिय.

शाईचाडाग: संविदा हा शब्द मी आजवर कोणाच्याही तोंडून ऐकलेला नाही, वकिलांच्यासुद्धा. तीच गत प्रतिफलची, म्हणजे करारात एकाने दुसऱ्याला बदल्यात जे द्यायचं त्याची, नवस फेडल्यासारखं वाटतं. खरेदीखतात सरळ मोबदला लिहितात, तो शब्द काय वाईट आहे?

जुनाबाड: मोबदल्यात पैसाच डोळ्यासमोर येतो हीच अडचण. कायद्याला पैसाच लागतो असं नाही, एखादी गोष्ट करणं किंवा न करणंसुद्धा चालतं. पण बोलताना मीही मोबदलाच म्हणतो.

दस्तलेखनिक: तीस वर्षं दस्त लिहिले, माझंही ऐका. पुस्तकातले शब्द राहू द्या, आपल्या जुन्या दस्तात सगळा कायदा एका ओळीत बसलाय, "राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून देतो". राजीखुशी म्हणजे फ्री कन्सेंट, अक्कलहुशारी म्हणजे डोकं ठिकाणावर असणं, कायद्यात कलम १२. लोक ती ओळ न वाचता सही करतात ते सोडा. आणि त्याच्या आधी वय घालतो, कारण अज्ञान माणसाचा करार होतच नाही. अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे बरं का, १८ पूर्ण नसलेला. सातबाऱ्यावर अ.पा.क. असतं ना, ते अज्ञान पालनकर्ता. मोहरीबीबीच्या केसमध्ये पोराने वयात यायच्या आधी घर गहाण टाकून कर्ज काढलेलं, १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील कोर्टाने, सांगितलं की हा करार मुळातूनच नाही, सावकार बसला हात चोळत.

अर्धाचहा: अ.पा.क. चा अर्थ आज कळला! बरं स्वीकृती कधी झाली म्हणायची? व्हॉट्सॲपवर अंगठा टाकला तर?

जुनाबाड: अंगठ्याचं काय ते प्रत्येक केसप्रमाणे ठरणार, पण फोनचं आपल्या खामगावचंच उदाहरण आहे. अहमदाबादच्या व्यापाऱ्याने सरकीची ढेप मागितली, खामगाववाल्याने फोनवर हो म्हटलं, पुढे माल आला नाही. आता दावा कुठे लावायचा? खामगाववाला म्हणे मी बोललो इथून, तर करार इथेच झाला. सुप्रीम कोर्टाने बहुमताने सांगितलं की होकार जिथे ऐकू आला तिथे करार, म्हणजे अहमदाबाद. पत्राचं उलटं, पत्र पेटीत पडलं की प्रस्ताव देणारा बांधला गेला. एका न्यायमूर्तींचं मत वेगळं होतं, १८७२ मध्ये फोन होता कुठे, कलम ४ चे शब्द आहेत तसेच लावा, म्हणजे फोनलाही पत्राचाच नियम, असा त्यांचा रोख.

शाईचाडाग: ढेप! आमच्याकडे पेंड म्हणतात. यावर वेगळी चर्चा काढा कोणीतरी.

दस्तलेखनिक: जाता जाता, इसार पावती किंवा साठेखत झालं म्हणजे जागा नावावर झाली असं समजू नका. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार, मालकी जाते ती खरेदीखताने. हे मी निदान हजार जणांना सांगितलं असेल.

अर्धाचहा: पुतणीला सांगितलं, पेपरात पुस्तकातलेच शब्द लिही. आता ती विचारतेय की बाबांनी तोंडी कबूल केलेली स्कूटी ठराव की करार.

दस्तलेखनिक: मोबदला नाही, म्हणून करार नाही. पण कलम २५ मध्ये जवळच्या नात्यात माया-प्रेमापोटी दिलेल्या वचनाला सूट आहे, लेखी आणि रजिस्टर हवं. बाबांना राजीखुशीने ऑफिसात घेऊन ये म्हणावं, मी लिहून देतो.

अर्धाचहा: तिने "हो" टाइप केलंय. बाबा अजून ऑफलाइन आहेत.