वन-पंच मॅन, पाचवा भाग: त्या पानाशी तुम्ही काय केलंत?

या जपानी चित्रकथेचा माझ्याकडचा पाचवा भाग आतापर्यंत नऊ जणांनी नेला. परत आला तेव्हा कोपरे दुमडलेले होते आणि पुठ्ठ्यावर चहाचा गोल डाग होता. त्याचं मला वाईट वाटलं नाही. आता पुस्तक टेबलावर ठेवलं की आपोआप एकाच ठिकाणी उघडतं, कारण तिथला कणा मोडलाय. ते पान म्हणजे भर पावसात सायकलवरून आलेला मुमेन रायडर. नऊच्या नऊ जण तिथेच थांबले असणार! म्हणून हा धागा. आपापला अनुभव लिहा, लांबला तरी चालेल.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'वन' या टोपणनावाच्या लेखकाने २००९ मध्ये ही चित्रकथा स्वतःच काढून इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. चित्रं अगदी कच्ची होती. 'आयशिल्ड २१'चा चित्रकार युसुके मुराता याला ती इतकी आवडली की त्याने स्वतःहून संपर्क साधला आणि २०१२ पासून तो ती नव्याने काढतोय. नायक सायतामा टकला आहे आणि कुठल्याही राक्षसाला एका ठोशात संपवतो. म्हणजे लढाईचा निकाल वाचकाला आधीच ठाऊक. मग पानं उलटायची कशासाठी? माझ्या मते त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर पाचव्या भागात आहे. समुद्रातला राक्षसराजा 'जे' नावाच्या शहरावर चालून येतो. एस, ए, बी, सी अशा उतरत्या श्रेणी असलेल्या नायकांतले भलेभले आडवे होतात आणि सायतामा पोहोचेपर्यंत मध्ये उभा राहतो तो मुमेन रायडर, सी श्रेणीतला एक साधा माणूस. अंगात कसलीही शक्ती नाही. हेल्मेट, चष्मा आणि सायकल, बस.

कबड्डीपटू, सांगली जिल्हा

मी कोपरारक्षक. तालुक्याच्या सामन्यात आमच्यावर दोन लोण चढले होते, शेवटची सहा मिनिटं राहिली होती आणि फरक एकवीस गुणांचा. बाकावरच्या पोरांनी बूट काढायला घेतले. मी शेवटच्या तिन्ही चढायांत पाय धरायला गेलो, तिन्ही वेळा सुटला. रात्री मोबाइलवर हा भाग वाचला. मुमेन रायडर म्हणतो की मी तुला हरवू शकत नाही हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही, आणि तरीही तो उठतो. तोवर मला वाटायचं, जिद्द म्हणजे आपण जिंकणारच असं मनाशी घोकत राहणं. हा तर हरणार हे कबूल करून उभा आहे. त्या रात्री मला पहिल्यांदा शांत झोप लागली. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला होता, तरी मैदानावर गेलो.

एक आई, नाशिक

मुलगा आठवीत. तो पुस्तक मागून पुढे वाचतोय असं वाटून मी त्याला दोनदा टोकलं. त्याने माझं बोट धरून उजवीकडच्या वरच्या चौकटीवर ठेवलं आणि म्हणाला, "आई, इथून. मग डावीकडे." पहिली दहा पानं मी सारखी चुकत होते, उत्तर आधी आणि प्रश्न नंतर असं वाचत होते. मग डोळ्यांना सवय झाली.

माझा जीव अडकला तो जेनोसपाशी. हा सायतामाचा शिष्य, अर्धा यंत्र. निवाऱ्यातली एक छोटी मुलगी त्याला ओरडून धीर देते, तेव्हा राक्षस तिच्यावर आम्ल थुंकतो आणि जेनोस मध्ये झेपावून स्वतः वितळतो. बाजूला झाला असता तर लढत राहिला असता. मी शिक्षिका आहे, मुलांना वाचवणाऱ्यांच्या गोष्टी वर्गात खूप सांगितल्यात. इथे एकही शब्द न बोलता ते घडतं. मुलाने विचारलं, "त्याला माहीत होतं ना, वितळणार ते?" होतं, म्हटलं. बराच वेळ दोघं तसेच बसून होतो.

अनुवादक, सध्या ओसाका

पुण्यात जपानी शिकले, आता इथेच नोकरी. 'मुमेन रायडर' या नावातली गंमत इंग्रजी आवृत्तीत पोचत नाही, म्हणून सांगते. जपानमध्ये १९७१ पासून 'कामेन रायडर' ही दूरचित्रवाणी मालिका घराघरांत माहीत आहे. कामेन म्हणजे मुखवटा, आणि तो नायक मोटारसायकलवर येतो. मुमेनमधला 'मेन' मात्र 'मेन्क्यो'तला, म्हणजे परवान्यातला, आणि 'मु' म्हणजे नाही. थोडक्यात, बिनपरवान्याचा स्वार! सायकलला परवाना लागतोच कुठे? जपानी वाचक नाव वाचतानाच हसतो आणि मग पंधरा-वीस पानांत त्याचं हसू मावळतं. विनोद म्हणून जन्माला घातलेलं पात्र लेखकाने इतकं मनापासून सांभाळलंय याचं मला फार कौतुक वाटतं. सायतामा हेही तोक्योला लागून असलेल्या प्रांताचं नाव. उद्या आपल्या एखाद्या महानायकाचं नाव 'ठाणे' ठेवलं तर जसं वाटेल, तसं.

चित्रकार, कोल्हापूर

मुराताच्या पावसाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. दुरून पाहिलं तर नुसत्या रेषा. भिंग घेऊन बसलो तेव्हा दिसलं की मोकळ्या जागेत त्या लांब आणि तिरक्या आहेत, आणि अंगावर आल्या की तुटून बारीक शिंतोडे होतात. पाऊस इथे शोभेला नाही. हा समुद्रराजा कोरडा पडला की आक्रसतो आणि भिजला की फुगतो, म्हणजे आभाळच त्याच्या बाजूने लढतंय. म्हणून शेवटी सायतामाचा ठोसा बसतो आणि पाऊसही फाटतो, ते चित्र नुसतं भव्य वाटत नाही, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं. मी ते पान उतरवून काढायला चार रात्री बसलो. पाऊस जमला, फाटलेलं आभाळ अजून नाही.

वाचक, मुंबई

थोडा वेगळा सूर लावतो. या भागातला तुरुंगातल्या नायकाचा विनोद मला खटकला. समलिंगी माणसाकडे नुसतं हसण्यापुरतं पाहिलंय, आणि इतक्या मायाळू लेखकाकडून मला ते अपेक्षित नव्हतं. बाकी सगळं मान्य.

परिचारिका, सोलापूर

लढाई संपल्यावरचा प्रसंग कुणी सांगितलाच नाही, आणि मला तोच सगळ्यात मोठा वाटतो. सायतामा एका ठोशात राक्षसाला संपवतो. लगेच गर्दीतला एकजण म्हणतो की एवढं सोपं होतं तर आधीचे नायक कुचकामीच म्हणायचे. काही क्षणांपूर्वी त्यांनीच याला वाचवलेलं असतं. तेव्हा सायतामा हसून सांगतो की बाकीच्यांनी राक्षसाला आधीच थकवलं होतं, मी फक्त शेवटी येऊन श्रेय लाटलं. स्वतःचं नाव खराब करून घेतो.

२०२१च्या उन्हाळ्यात मी रात्रपाळीला होते. एका पेशंटचं ऑक्सिजन पहाटे तीनपासून खाली-वर होत होतं. आम्ही दोघी त्याला पालथं झोपवत, मास्क घट्ट करत उभ्याच होतो. सकाळी मोठ्या मॅडम आल्या, औषध बदललं, तासाभरात आकडा चढला. नातेवाईक म्हणाले, "बघा, मॅडम आल्या म्हणून. रात्रभर नुसता टाइमपास." मॅडम तिथल्या तिथे वळल्या आणि म्हणाल्या, "रात्री या दोघी नसत्या तर मला सकाळी बघायला कुणी उरलं नसतं." सायतामा खोटं बोलला, मॅडम खऱ्या बोलल्या. पण ते पान वाचताना माझा घसा तसाच दाटला. पीपीई किटमध्ये डोळे पुसता येत नाहीत, त्या दिवशी ते तसेच वाहू दिले होते.

कॉलेज विद्यार्थी, शिरोळ तालुका

वर पावसाबद्दल लिहिलंय, त्यावरून आठवलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये आमच्या गावात पाणी शिरलं तेव्हा मी शाळेत होतो. जितका पाऊस पडेल तितकं ते चढायचं, अगदी त्या राक्षसासारखं. गल्लीच्या टोकाची डीपी बंद करायची होती. वायरमन काका सायकल घेऊन निघाले, पाणी मांडीला लागलं तशी सायकल खांद्यावर घेतली आणि चालत गेले. डीपी बंद झाली, गल्ली अंधारात गेली, आणि मग लोकांनी निर्धास्तपणे पाण्यात पाय घातले. काकांचं नाव कुठल्या पेपरात आलं नाही.

गेल्या दिवाळीत हा भाग घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. काकांना इंग्रजी येत नाही, त्यांनी चित्रंच पाहिली, उजवीकडून डावीकडे, मी सांगितलं तशी. मुमेन रायडर सायकल उचलून राक्षसावर फेकतो त्या पानावर थांबले. चष्मा वर करून जवळून पाहिलं. मग तो मार खातो ती पानं भराभर उलटली, सायतामा त्याला अलगद धरतो तिथवर आले आणि परत मागे गेले.

"आणि याची सायकल?" त्यांनी विचारलं. "ती कुणी उचलून आणली की नाही?"